डाव्या हातावरचे केस

आमच्या मामंजींच्या डाव्या हातावर केस नव्हते. उजव्या हातावर हे एवढं जंगल, आणि डावा मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत. नवा माणूस बघायचा आणि विचारायला लाजायचा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे, धंदा लोहाराचा. विळा असो, कोयता असो की सुरी, धार लावून झाली की ते पातं डाव्या हातावरून एकदा फिरवायचे. केस निघाले तर माल गिऱ्हाइकाला. नाही निघाले तर माल कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात, आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

यंदा त्या हातावर खुंट दिसायला लागले होते. धार लावायला काही नव्हतंच, तर हात कशाला साफ राहतोय? कापणीचं यंत्र येऊन दोन हंगाम झाले. जे थोडे लोक अजून हातानं कापायचे तेही हल्ली आमच्याकडे फिरकत नव्हते. त्यांचं म्हणणं, तुमच्या विळ्याची धार भारी, पण दुसऱ्या दिवशी तिचे तुकडे उडून खांडे पडतात. मामंजी पोलादाला शिव्या द्यायचे. म्हणायचे, ट्रकच्या कमानीचे पाटे आता पूर्वीसारखे येत नाहीत. पाट्याचाच आम्ही माल करतो, त्यामुळे मीही मान हलवायचे.

शेवटी त्या सोमवारी भंगारवाला आला. ऐरणीभोवती दोनदा फिरला, वाकून बघितलं, आणि खडूनं तिच्या अंगावर फुली मारली. "शनिवारी टेम्पो आणतो," म्हणाला. माझ्या नवऱ्याला तालुक्याच्या रस्त्यावरच्या ग्रिलवाल्यानं कामाला बोलावलं होतं, त्यालाही शनिवारीच उत्तर द्यायचं होतं. म्हणजे शनिवार उजाडला की घरातून ऐरणही जाणार आणि माणूसही. मला त्या फुलीचा इतका राग आला होता की ओल्या फडक्यानं पुसायलाच निघाले होते. नवऱ्यानं हात धरला. "राहू दे, तिला काय ती दिसतेय?" म्हणाला. मस्करी करायची त्याची जागा नेहमी चुकते.

आणि मंगळवारी सकाळी, चहाची भांडी घासायची होती तेवढ्यात, दारात जीप थांबली.

जीपमधून एक बाई उतरल्या. पायात चिखलाचे बूट, केस मुलासारखे कापलेले, हातात गोणपाटाची पिशवी. धरणाच्या पलीकडच्या डोंगरावर माणसांना रानात राहायला शिकवतात, तो कॅम्प त्यांचा. तंबू ठोकायचा, लाकडं फोडायची, स्वतःचं स्वतः शिजवून खायचं, आणि त्यासाठी लोक शहरातून येतात. मला हसू आलं. आम्ही रोज करतो ते काम शिकायला लोक जीपमध्ये बसून येतात म्हटल्यावर काय करणार?

बाईंनी पिशवी मामंजींसमोर उलटी केली. खणखणाट झाला आणि दहा-बारा सुऱ्या जमिनीवर पडल्या. एकही धड नव्हती.

"काका, हंगाम महिन्यावर आलाय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नव्या घेते, दर वर्षी ही गत. मला तीस सुऱ्या हव्यात, वर्षानुवर्षं टिकतील अशा. धरणाच्या चौकीदारानं तुमचं नाव सांगितलं."

मामंजी उकिडवे बसले. गुडघा दुखतो म्हणून ते महिनाभरात उकिडवे बसले नव्हते. पहिली सुरी उचलली. तिच्या मुठीच्या टोकाला चक्क होकायंत्र होतं, मूठ पोकळ, आत काड्या आणि मासे पकडायचा गळ. पातं मानेपाशी मोडलेलं.

"हे बघ, सूनबाई," मला म्हणाले, "पातं मुठीत बोटभरसुद्धा गेलेलं नाही. मूठ पोकळ म्हटल्यावर जाणार कुठं? सुरीत संसार भरलाय आणि सुरीच नाही."

दुसरी घडीची होती. बिजागरीत वाळू, पातं उघडलं तरी डुलत होतं. मामंजींनी ती उघडून अंगठ्यानं जराशी दाबली, ती बोटावर मिटायला आली. "ही रस्सी कापायला ठीक, खिशात ठेवायला ठीक. लाकडाला लावलीत तर बोट जाईल." तिसरी काळी, पहारीएवढी जाड. "हिनं कांदा चिरता का?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "चिरत नाही, फुटतो." मामंजी हसले. मी त्यांना हसताना बघून किती दिवस झाले ते मोजायला लागले आणि सोडून दिलं.

मग एक गंजलेली हातात आली, आणि हसू गेलं. त्यांनी नखानं गंज खरवडला, पातं वाकवून बघितलं, कानाशी धरून टिचकी मारली. "बाई, ही चांगली होती. ही तुम्ही मारलीत. ओली तशीच कातड्याच्या म्यानात घालून ठेवली ना?"

बाईंनी मान खाली घातली. एवढ्या मोठ्या कॅम्पच्या मालकीण, शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. "पावसात सगळंच ओलं असतं, काका."

"मग जेवल्यावर तोंड पुसता तसं हिला पुसायचं. तेलाचा हात फिरवायचा. म्यान वेगळं वाळवायचं. कातडं पाणी धरून ठेवतं. एवढं केलं असतं तर ही तुमच्या नातवानं वापरली असती."

बाईंना काय हवं ते त्यांनी सांगितलं. पातं वितीपेक्षा लांब नको. एकाच सुरीनं दोर कापायचा, खुंट्या तासायच्या, चुलीपुरतं लाकूड फाडायचं आणि त्याच सुरीनं भाजी चिरायची. धार गेली तर साध्या दगडावर माणसाला स्वतः लावता आली पाहिजे. "एक नमुना करून गुरुवारी कॅम्पवर या," त्या म्हणाल्या. "दिवसभर वापरू. टिकली तर तीस तुमच्याच. आणि दर हंगामाआधी सगळ्यांची डागडुजी, धार, तीही तुमच्याकडेच."

जीप वळली तसा नवरा म्हणाला, "तीस." मी म्हटलं, "तीस." मामंजी म्हणाले, "भट्टी पेटव."

ते दोन दिवस काय सांगू. भाता ओढायला मी, घण घ्यायला नवरा, सांडशी मामंजींच्या हातात. बंद पडलेलं घर एकदम कामाला लागलं. पाट्याचा तुकडा लालभडक व्हायचा, ऐरणीवर यायचा, आणि खडूच्या फुलीवर खपल्या उडायच्या. नवऱ्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ. माझे खांदे भरून आले होते तरी मी कोणाला भाता धरू दिला नाही. नवऱ्यानं मुठीसाठी शिसवाचा तुकडा कुठून तरी पैदा केला, आणि पातं मुठीच्या टोकापर्यंत आरपार नेऊन तीन खिळ्यांनी बसवलं. त्याचं काम बघत राहावं असं असतं. हे मी त्याला सांगत नाही, डोक्यावर बसेल.

पण बुधवारी मामंजी पातं घासायला बसले, आणि माझं लक्ष उडालं. घासतायत, घासतायत, पातं पातळ होतंय. पिंपळाच्या पानाएवढं पातळ झालं तरी घासतायत. माझ्या डोळ्यांसमोर ते फाडायचं लाकूड आलं.

"मामंजी," मी म्हटलं, "धारेमागं थोडं अंग ठेवलं तर?"

त्यांनी वर बघितलंही नाही. "भट्टीपाशी हात चालला पाहिजे."

वाक्य अर्धंच म्हणाले. उरलेलं मला पाठ होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच त्यांनी ते मला पूर्ण ऐकवलं होतं, चार गिऱ्हाइकांच्या समोर. भट्टीपाशी हात चालला पाहिजे, तोंड नाही. मी नवी सून, तोंड लाल झालं, खाली मान घालून भाता ओढत राहिले. आता अकरा वर्षं झाली तरी वाक्याची धार तशीच. मी गप्प बसले. आतून मात्र नुसती धुमसत होते.

संध्याकाळी पातं डाव्या हातावरून फिरलं. खुंट साफ. मामंजींनी फुंकर मारली आणि हात आम्हाला दाखवला. सुरी दिसायलाही अशी सुंदर झाली होती की मीसुद्धा राग विसरून दोनदा हातात घेतली.

गुरुवारी जीप न्यायला आली. नवऱ्याला घरी एक गेट जोडायचं होतं, म्हणून मामंजी आणि मी निघालो. जाताना मी माझी रोजची पिशवी घेतली. तिच्यात माझी जुनी सुरी असते. सरपण, दोरी, कांदा, चप्पलेचा पट्टा, सगळं मी तिनंच कापते. ती मामंजींच्याच डब्यातली. केस निघाले नाहीत म्हणून त्यांनी टाकलेली, मी उचलून चिंध्यांची मूठ गुंडाळली आणि दारातल्या दगडावर माझ्या पद्धतीनं घासून घासून वापरात आणली. मामंजी तिच्याकडे कधी बघायचे नाहीत. बघितलंच तर तोंड वाकडं करायचे.

कॅम्प म्हणजे झाडीत दहा तंबू, मधे चूल, एका बाजूला लाकडांची रास. बाईंचे शिकवणारे सहा-सात जण जमले. सुरी हातोहात फिरली. कागद कापला, आवाजसुद्धा झाला नाही. टोमॅटोच्या चकत्या अशा पडल्या की पलीकडचं दिसावं. जाड दोर एका ओढीत दोन तुकडे. पोरं "वा काका, वा काका" करायला लागली. मामंजी दोन्ही हात मागं बांधून उभे, चेहरा कडक, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला ठाऊक आहे, ते खूष झाले की त्यांचे कान लाल होतात.

मग बाईंनी मनगटाएवढं वाळकं लाकूड उभं केलं. सुरी त्याच्या डोक्यावर आडवी ठेवली आणि दुसऱ्या हातात दांडकं घेतलं.

"अहो, हे काय?" मामंजी पुढं झाले. "सुरीला कोणी असं मारतं का?"

"इथं मारतात, काका. पावसात वरून लाकूड ओलं असतं, आत कोरडं. फाडल्याशिवाय चूल पेटत नाही. आणि नवख्याच्या हातात कुऱ्हाड दिली की मला घाम फुटतो."

पहिला ठोका बसला, पातं आत गेलं. दुसरा बसला. तिसऱ्याला टक् असा बारीक आवाज आला. आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कळला मामंजींना आणि मलाच. बाईंनी सुरी ओढून काढली. धारेच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढा खांडा पडला होता.

एका पोरानं उगाच चुलीत लाकूड सारलं. मामंजींनी सुरी घेतली, खांड्यावरून अंगठा फिरवला. कानाची लाली उतरली होती. मला वाटलं, जमीन फाटून यांना पोटात घेईल तर बरं, निदान या पोरांसमोर उभं तरी राहायला नको.

आणि मग माझंच डोकं फिरलं म्हणा. मी पिशवीतून माझी सुरी काढली आणि बाईंच्या हातात दिली. "हिनं मारून बघा."

"सूनबाई," मामंजी दबक्या आवाजात म्हणाले, "ठेव ती आत."

मी ठेवली नाही. बाईंनी चिंध्यांची मूठ बघितली, पोरं हसली. ठोका बसला, आणखी बसला, लाकूड कर्रकन दोन झालं. त्याचे चार केले, चाराचे आठ. गाठीचं लाकूड आणलं, तेही फाटलं. बाईंनी धार उन्हात धरून इकडून तिकडं बघितली आणि त्याच सुरीनं उरलेला टोमॅटो कापला. पहिल्या सुरीइतका पातळ नाही, पण सरळ, रस न सांडता. दुपारभर ती सुरी राबली. खुंट्या तासल्या, दोर तोडले, बटाटे सोलले. चार वाजता दगडावर दहा हात मारले की परत तयार.

"ही कोणी केली?" बाईंनी विचारलं.

मी मामंजींकडे बघितलं. "पातं माझं," म्हणाले. "धार सुनेची."

"मग मला अशा तीस द्या. पण आधी एक नवी करून दाखवा. शनिवारी सकाळी मी येते."

जीपनं आम्हाला धरणाच्या भिंतीवर सोडलं. तिथून घर पायवाटेनं. मामंजी पुढं, गुडघ्यामुळं काठी टेकत, एक पाय ओढत, आणि मी मागं. वारा पाण्यावरून येत होता. तो खांडा बघितला त्या क्षणी मला अकरा वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला होता, आणि तो सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"असं पातं मी केलं कधी?" मामंजी स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "करून परत करता येत नसेल तर काय उपयोग? शनिवारी काय दाखवू, त्या सुरीच्या चिंध्या?"

"मला माहीत आहे कधी केलंत," मी म्हटलं.

ते थांबले.

मी सांगून टाकलं. सुगीचे दिवस होते, दारात विळेवाल्यांची रांग, आणि नंबरावरून दोघांची जुंपली. मामंजी भांडण सोडवायला बाहेर गेले. लाल करून तेलात विझवलेलं पातं तापल्या पत्र्यावर ठेवलेलं होतं. विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, ते परत हलकेच तापवतात, आणि तापताना त्यावर रंग चढतात. पहिला फिकट पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. मामंजी मधाच्या रंगावर उतरवायचे. मी भात्यापाशी बसून बघत होते. मध आला, गेला. तपकिरी आला, गेला. जांभळा चढला तेव्हा मामंजी आत आले आणि झडप घालून पातं उचललं. त्यानं केस निघाले नाहीत, ते डब्यात गेलं, आणि तिथून मी उचललेली ती हीच सुरी.

"तुम्ही म्हणालात, आत्ताच तर ठेवलं होतं, रंग कसा पळाला. म्हणालात, माझे डोळे गेले. मी बघत होते, मामंजी. रंग पळताना सगळा बघितला. आणि बोलले नाही."

"का?"

"भट्टीपाशी तोंड चालवायचं नाही म्हणून."

त्यांनी काठी जमिनीत रोवली. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, नाही तर पुन्हा धीर झाला नसता. त्या दिवसापासून तुम्ही डोळ्यांच्या भीतीनं प्रत्येक पातं पहिल्या पिवळ्यालाच उतरवायला लागलात. पिवळ्याला उतरलेलं पातं धारेला कडक, हातावरचे केस काढतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खांडा उडतो. पाट्यांचा काही दोष नाही. मलाही हे आजच कळलं, तो टक् आवाज ऐकून.

मामंजी पाण्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता फुटतील. फुटले असते तर बरं झालं असतं.

"अकरा वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"अकरा वर्षं मी पोलादाला शिव्या घातल्या."

"रोज."

त्यांच्या घशातून असा आवाज आला की मी घाबरले. मग बघते तर ते हसत होते. डोळ्यांत पाणी, गुडघा धरलेला, आणि हसतायत. हसू ओसरल्यावर मात्र आवाज बारीक झाला. "तेव्हा डोळे चांगले होते. आता खरंच गेलेत गं. तपकिरी कुठला, जांभळा कुठला, मला सगळं एकच धुरकट दिसतं. म्हणून तर पिवळा चुकवत नाही."

"मला दिसतं," मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही पातं विझवलं. तापल्या तेलात ते फुस्स करून गेलं, वास घरभर. नवऱ्यानं ते दगडावर घासून पांढरं केलं, रंग दिसावा म्हणून. मामंजींनी पत्रा तापवला, पात्याची पाठ त्यावर टेकवली आणि सांडशीनं धरून बसले. मी भाता सोडून त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. नवरा दारात उभा, तोही श्वास धरून.

फिकट पिवळा चढला. मध आला, पाठीकडून धारेकडं सरकत आला. मामंजींचा हात सवयीनं उचलला गेला. "नको," मी म्हटलं. हात परत खाली. तपकिरी आला, कडांना लालसर. मी एकदा मामंजींकडे बघितलं तर ते पात्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. जन्मात कोणी माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघितलं नसेल.

धारेवर जांभळा उतरला.

"आता!"

पातं तेलात गेलं. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण समोरच्या शिवणवाल्या मावशी धावत आल्या, म्हणाल्या, कोण भाजलं?

धार मी लावली. मामंजी बाजूला बसून बघत होते, आणि दर दोन मिनिटांनी त्यांची जीभ वळवळत होती. दगडावर पातं जरा उभं धरायचं, धारेमागं थोडं अंग राहू द्यायचं, दोन्ही बाजूंना सारखे हात मारायचे. "ही कुऱ्हाडीची धार झाली," शेवटी राहवलं नाहीच. मी म्हटलं, "मामंजी, धारेपाशी हात चालला पाहिजे." नवरा इतका हसला की खिळे सांडले.

शनिवारी टेम्पो आधी आला. भंगारवाला दोन माणसं आणि दोरखंड घेऊन उतरला. बाईंचा पत्ता नव्हता. मामंजींनी त्याला "या, बसा" म्हटलं आणि एक पाट्याचा तुकडा भट्टीत सारला. तुकडा लाल झाला, ऐरणीवर आला, घण सुरू. माणसं दोर घेऊन उभी.

"मामा, थांबता का जरा? उचलायची आहे," भंगारवाला म्हणाला.

"उचला की," मामंजी म्हणाले, आणि पुढचा तुकडा घातला. असं तीनदा झालं. त्या तुकड्यांचं पुढं काही करायचं नव्हतं, नुसतं सपाट करत होते. नवरा घण मारताना माझ्याकडं बघायचा आणि ओठ आवळायचा. त्याच्या खिशातला फोन दोनदा वाजला, ग्रिलवाल्याचा. त्यानं घेतला नाही.

जीप आली तेव्हा मी अंगणात पळत गेले, पायात चप्पल नव्हती. बाईंनी बरोबर गाठीचं लाकूड आणलं होतं, कॅम्पवरचं सगळ्यात नाठाळ. सुरी त्यावर ठेवली आणि दांडकं शोधायला लागल्या. भंगारवाला पुढं झाला. "मी मारतो," म्हणाला. सुरी मोडली तर ऐरण त्याची, तेव्हा त्याच्याइतका मन लावून मारणारा दुसरा कोण मिळणार? मामंजी म्हणाले, "मारा. हात राखू नका."

त्यानं राखला नाही. पहिला ठोका, दुसरा, तिसरा. मी कान लावून बसले होते त्या टक् आवाजासाठी. चौथ्याला गाठ लागली, सुरी अडली. पाचवा त्यानं खांद्यावरून आणून मारला. लाकूड फाटून दोन्हीकडं पडलं आणि सुरी खालच्या फळीत जाऊन उभी राहिली.

बाईंनी ती उपटली, उन्हात धरली, माझ्या हातात दिली, मी मामंजींच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळू. मग परत एकदा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि मला कळलं.

"तीस," बाई म्हणाल्या. "आणि ताई, तुम्ही कॅम्पवर यायचं. धार कशी लावायची, कशी पुसायची, तेल कसं द्यायचं, ते लोकांना तुम्हीच शिकवायचं. तोंडानं. मला तुमच्यासारखं बोलणारं माणूस हवंय."

भंगारवाला दांडकं हातात घेऊन अजून तिथंच उभा होता. "एकतीस करा," तो म्हणाला. "एक मला." त्याच्या माणसांनी दोर गुंडाळला. नवरा फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेला आणि मिनिटात परत आला. "सांगितलं," एवढंच म्हणाला आणि शिसवाचे तुकडे मोजायला लागला.

पुढचे तीन आठवडे आम्ही झोपलो कधी, उठलो कधी, आठवत नाही. रंग मी सांगायचे, मामंजी उतरवायचे, मूठ नवऱ्याची, धार माझी. हातावरची परीक्षा बंद, तेव्हा नवी परीक्षा ठरली. प्रत्येक सुरीनं एक गाठीचं लाकूड, एक दोर आणि एक टोमॅटो. आमच्या घरात इतके टोमॅटो झाले की नवरा ताटाला बसला की आधी डोळे मिटायचा. मामंजी प्रत्येक टोमॅटोची चकती उजेडात धरून बघायचे आणि दर वेळी म्हणायचे, "जाड आहे." आणि सुरी पास करायचे.

शेवटच्या दिवशी एकतीस सुऱ्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या होत्या. जीप यायला वेळ होता. मामंजी तेलाचं फडकं घेऊन एकेक पातं पुसत होते. ऐरणीवरची खडूची फुली ठोक्यांनी कधीच उडून गेली होती, माझ्या आता लक्षात आलं. सदऱ्याच्या बाह्या त्यांनी वर सारल्या होत्या आणि दारातून ऊन थेट त्यांच्या हातावर येत होतं. माझं लक्ष गेलं आणि मी बघतच राहिले. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढरेशुभ्र केस आले होते. चांगले दाट. उजव्या हातावरचे केव्हाच पिकले होते, डाव्याला मात्र इतक्या वर्षांत म्हातारं व्हायची संधीच मिळाली नव्हती.

मी बघतेय हे त्यांनी बघितलं. हात जरा वळवला, लाजल्यासारखा, आणि फडक्याच्या कोरड्या टोकानं चोळला.

"खाजतात गं," म्हणाले.

समोर एकतीस सुऱ्या होत्या. त्यातली एखादी हातावरून फिरवली असती तर काम झालं असतं.

"राहू द्या, मामंजी," मी म्हटलं. त्यांनी बाही खाली ओढली आणि पुढची सुरी पुसायला घेतली.